रंगमंचावरचा उंबर : नऊ फुटी झाड वर्षभर वापरल्यावर

धर्मशिक्षण वर्गाच्या मुलांसाठी आम्ही गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एक मोठं झाड बांधलं. नऊ फूट उंच, सुटं होणारं, पुन्हा पुन्हा उभं करता येईल असं. मेमधल्या उन्हाळी शिबिरात बायबलमधल्या जक्कयाच्या नाटिकेत ते पहिल्यांदा उभं राहिलं. पावसाळा त्याने पोटमाळ्यावर काढला. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात, ते खाली आलं, नाताळच्या कार्यक्रमात आणि जानेवारीतल्या स्नेहसंमेलनातही उभं राहिलं. आता पुढच्या शिबिराची तयारी सुरू झाली आहे आणि झाड तेच आहे. वसईतल्या आजूबाजूच्या धर्मग्रामांतून (पॅरिशमधून) शिक्षक विचारत असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. झाड कसं बांधलं हे लागेल तेवढंच सांगेन, वापरताना त्यातलं काय टिकलं यावर जास्त लिहीन.

आधी दरवर्षी नवं झाड व्हायचं. थर्माकोलचे तुकडे कापायचे, रंगवायचे, त्यावर हिरवा क्रेप कागद. कार्यक्रम संपला की सगळं कचऱ्यात. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांबरोबर आमचंही ते झाड गेलं. त्यानंतर पुठ्ठ्यावर चित्र रंगवून भागवत होतो. जक्कय मागे खुर्चीवर उभा राहून पुठ्ठ्याच्या वरून डोकं काढायचा. मुलं ते मान्य करायची, पण मला ते कधीच पटलं नाही. यरीहोचा मुख्य जकातदार, गावातला पैसेवाला माणूस, गर्दीमुळे काही दिसेना म्हणून भर रस्त्यात धावत पुढे जातो आणि एखाद्या पोरासारखा झाडावर चढतो. येशू त्या झाडाखाली थांबतो, वर बघतो, नावाने हाक मारतो आणि सांगतो, खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. हे वर आणि खाली प्रेक्षकातल्या शेवटच्या रांगेतल्या आजीलाही दिसायला हवं. ते नाही दिसलं तर गोष्ट नुसती बोलून दाखवलेली बरी.

झाड कोणतं, हा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटला. जक्कय उंबरावर चढतो. तिकडचा उंबर आणि आपल्याकडचा उंबर एकाच कुळातले, वड-पिंपळ-अंजिराचे भाऊबंद. दोघांनाही फळं थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसांनी लागतात. तिकडच्या झाडाचं खोड आखूड आणि फांद्या खालपासून पसरलेल्या असतात, म्हणजे बुटक्या माणसाला चढायला सोयीचं. आमच्या सुतारकाकांना मी वाडीतला एक जुना उंबर दाखवला आणि सांगितलं, खोड उंच नको, रुंद हवं, आणि पहिली फांदी मुलाच्या हाताला लागेल अशी हवी. तो एक निर्णय सगळ्या वर्षाला पुरला. आखूड, जाड खोड उभं करायला सोपं, ठेवायला सोपं आणि तोलालाही चांगलं.

सांगाडा एक इंची चौकोनी लोखंडी पाइपाचा, १६ गेजचा. खोडाचे दोन भाग आहेत, खालचा साडेचार फुटांचा, वरचा तीन फुटांचा. वरच्या भागातून पाच फांद्या निघतात आणि त्यांच्यामुळे उंची नऊ फुटांवर जाते. जोडणी सगळीकडे एकच : जाड पाइपात बारीक पाइप सरकवायचा आणि आरपार बोल्ट घालून हाताने फिरवता येईल असा विंग नट लावायचा. पाना-स्क्रूड्रायव्हर शोधावाच लागत नाही, हे कार्यक्रमाच्या सकाळी फार मोलाचं असतं. प्रत्येक सांध्याला रंगाची खूण आहे, लाल लालला, पिवळा पिवळ्याला. दोन माणसं अर्ध्या तासात झाड उभं करतात, आणि त्यातला एक नववीतला मुलगा असला तरी चालतं.

पाया १८ मिमी प्लायवुडचा, चार बाय चार फूट, मधोमध बिजागऱ्यांवर दुमडणारा. सभागृहाच्या मागच्या दारातून चार फुटी पाया जात नाही, दुमडला की दोन फुटांचा होतो. खोडाच्या तळाची लोखंडी चौकट दोन्ही अर्ध्यांवर बोल्टने बसते, त्यामुळे उभं केल्यावर बिजागरी जागची हलत नाही. खाली तीन इंची ब्रेकची चाकं. इथे एक सांगायला हवं : रंगमंच फळ्यांचा असेल तर लहान चाकं फटीत अडकतात. दीड-दोन इंची चाकं स्वस्त पडतात, पण ती घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जक्कय झाडावर चढत नाही. तो झाडामागच्या घोड्यावर चढतो. रंगारी वापरतात तसा भक्कम घोडा, साडेतीन फुटांवर उभं राहायला फळी आणि मागून कठडा. तो झाडाला कुठेही जोडलेला नाही. खोडाच्या मागची बाजू उघडी ठेवली आहे, घोडा त्या पोकळीत सरकतो. मुलगा फांदीला हात लावतो, पानांतून वाकून बघतो, पण त्याचा भार फांदीवर कधीच नसतो. प्रेक्षकांना वाटतं तो झाडातच बसला आहे. मुलाचं वजन पेलणारं झाड बांधायचं म्हटलं तर सांगाडा दुप्पट जड होतो, दोन माणसांना तो हलत नाही, आणि मग तो पोटमाळ्यावर कोण चढवणार? शिवाय फांदी वजन पेलते असं एकदा मुलांना कळलं की एकाच्या जागी तीन जण चढतात. घोड्यामागे एक शिक्षक कायम उभा असतो, तालमीतसुद्धा. त्यात आम्ही सूट देत नाही.

झाड कलंडण्याची भीती मला पहिल्यापासून होती. ढोबळ हिशेब सोपा आहे. आमचं झाड साधारण ४० किलोचं, पाया मध्यापासून कडेपर्यंत दोन फूट. सहा फूट उंचीवर कुणी आडवं ढकललं, तर चाळीस गुणिले दोन भागिले सहा, म्हणजे १३ किलोच्या जोराला ते उलटायला लागेल. पळत आलेल्या दोन मुलांना तेवढा जोर सहज आहे. पायावर आणखी ४० किलो वाळू ठेवली की तोच आकडा २६ च्या पुढे जातो. म्हणून जुन्या जीन्सचे पाय कापून, एका टोकाला शिवून, त्यात वाळू भरली आणि दुसरं टोक बांधलं. खोडाच्या रंगात रंगवून त्या पिशव्या बुंध्याभोवती वेड्यावाकड्या टाकल्या की उंबराची पसरलेली मुळं दिसतात. बघणाऱ्यांना ते वजन आहे हे कळतही नाही. वाळू मात्र बांधकामाची, धुतलेली घ्या. किनाऱ्यावरची वाळू खारट असते, ती हवेतली ओल ओढून घेते आणि जवळचं लोखंड गंजवते.

खोडाची साल हा सगळ्यात आनंदाचा भाग होता. सांगाड्यावर खुराड्याला लावतात ती षट्कोनी जाळी, तिची कापलेली टोकं आत वळवलेली. त्यावर जुन्या वर्तमानपत्रांचे दोन थर आणि वरून गोणपाट. गोणपाट फेविकॉल मिसळलेल्या पाण्यात बुडवून, पिळून, चुण्या पाडत लावायचं. वाळल्यावर त्या चुण्या कडक होतात आणि सालीच्या रेषा तयार होतात. रंग नुसता तपकिरी देऊ नका. रंगमंचावर निळा प्रकाश पडला की तपकिरी काळं दिसतं आणि खोड अंधारात एक भोक वाटतं. आम्ही आधी गडद राखी-तपकिरी रंग चुण्यांत भरला, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट राखी रंग फक्त उंचवट्यांवर ओढला. तीस फुटांवरून ती साल खरी दिसते. वर्षभरात कोपऱ्यांवर दोन-तीन ठिकाणी गोणपाटाचे धागे सुटले, तिथे पुन्हा फेविकॉल लावला. बाकी साल जशीच्या तशी आहे.

कागदाच्या थरांत मात्र एक फरक ठळक दिसला. वरच्या खोडाला सगळीकडे फेविकॉल वापरला होता. खालच्या भागाचा काही कागद मैद्याच्या खळीने चिकटवला होता, खळ स्वस्त आणि मुलांच्या हाताला सुरक्षित म्हणून. पावसाळ्यानंतर झाड खाली काढलं तेव्हा खळीच्या भागावर आतून पांढरी बुरशी होती आणि एका ठिकाणी उंदरांनी कुरतडलेलं होतं. फेविकॉलचा भाग कोरडा, स्वच्छ. पूर्वी बुकबाइंडर खळीत मोरचूद घालायचे ते याच कारणासाठी, पण मोरचूद विषारी आहे, मुलं हाताळणार त्या वस्तूत तो नकोच. बुरशीचा भाग ऊन दाखवून खरवडला, कागद बदलला. वसई-विरारसारख्या दमट हवेत खळ एका दिवसाच्या वस्तूला ठीक आहे, वर्षानुवर्षं ठेवायच्या वस्तूला नाही. लोखंडाला रेड ऑक्साइडचे दोन हात दिले होते, ते पुरले. फक्त बोल्टच्या भोकांत, जिथे रंग घासला जातो, तिथे गंज धरला. तिथे आता दर वेळी सुटं करताना थोडं ग्रीस लावतो.

फांद्या पीव्हीसी पाइपाच्या आहेत. पाइपात वाळू ठासून भरायची, दोन्ही टोकं बंद करायची, हॉट एअर गनने गरम करून वाकवायचं. वाळूमुळे पाइप चेपत नाही, गोल राहूनच वळतो. हे काम उघड्यावर, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून करा, कारण पीव्हीसी जास्त तापलं तर त्याचा धूर घशाला आणि डोळ्यांना वाईट. दिसायला या फांद्या सुंदर झाल्या. टिकायच्या बाबतीत मी त्यांना मधले गुण देईन. पोटमाळ्यावर पत्रे आहेत, तिथे उन्हाळ्यात फार तापतं. तिथे एका टोकावर टेकवून ठेवलेल्या फांद्या खाली झुकल्या. आता प्रत्येक फांदीच्या सरळ भागात बांबूची काठी सरकवली आहे आणि फांद्या आडव्या, सपाट ठेवतो. संपूर्ण झाडच बांबूचं का नाही केलं, असं बरेच जण विचारतात. बांबू हलका आणि स्वस्त, मलाही तो आवडतो. पण नीट न मुरवलेल्या बांबूतल्या पिष्टासाठी त्यात किडा शिरतो, खाली पिवळट भुकटी पडायला लागते आणि बाहेरून धड दिसणारी काठी आतून पोकळ होते. पाण्यात मुरवून तयार केलेला बांबू खात्रीने मिळत असेल तर जरूर करा.

पानांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण झाड पुन्हा वापरता येतं की नाही ते खरं तर इथे ठरतं. पानं झाडावर चिकटवायची नाहीत. कोळीवाड्यातून जुन्या मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे मिळाले, त्यावर पानं शिवली. असे सात पडदे आहेत, ते फांद्यांवर टाकून नाडीने बांधायचे. पडदा काढला की झाड उघडं, दुसरा टाकला की दुसरं झाड. पानं महिला मंडळातल्या बायकांनी जुन्या सुती साड्यांतून कापली. उंबराचं पान साधं लांबट असतं, कापडाच्या घड्या घालून एकदम आठ-आठ पानं निघतात. ती फक्त देठाकडे शिवली आहेत, त्यामुळे पंख्याच्या वाऱ्याने हलतात, आणि झाड जिवंत वाटायला तेवढं हलणं पुरतं. हिरव्याच्या तीन छटा ठेवल्या, गडद मागे, पोपटी पुढे. एकाच हिरव्या रंगाचं झाड प्रकाशात सपाट पडतं. सॅटिन किंवा चमकणारं कापड अजिबात नको, एलईडी दिव्याखाली ते प्लास्टिकसारखं चकाकतं.

सुती कापडच का, याचं दुसरं कारण आग. नाताळच्या कार्यक्रमात मेणबत्त्या असतात, मुलांच्या हातात असतात. कृत्रिम धाग्याचं कापड पेटलं की वितळून ठिबकतं आणि ते ठिबकणं कातडीला चिकटतं. सुती कापड पेटतं, पण त्याला आगरोधक द्रावण देता येतं. द्रावण जुनं आणि साधं आहे : १० लिटर कोमट पाण्यात ७०० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि ३०० ग्रॅम बोरिक ॲसिड. हातमोजे घालून, मुलांना लांब ठेवून, पडदे बुडवले आणि सावलीत वाळवले. मग अंगणात एक सुटं पान चिमट्यात धरून काडी लावली. ते काळं पडलं, पण काडी बाजूला घेतल्याबरोबर विझलं. हे द्रावण पाण्याने निघून जातं, त्यामुळे पडदे धुतले किंवा भिजले की पुन्हा द्यावं लागतं. आम्ही दर नाताळाआधी देतो आणि दर वेळी एक पान जाळून बघतो. जाळं नायलॉनचं आहे, त्याला याचा उपयोग नाही, म्हणून मेणबत्त्या आणि जुने हॅलोजन दिवे झाडापासून लांबच राहतात. एक सावधगिरी आणखी : टाकणखार फेविकॉलच्या पाण्यात मिसळू नका. दोघांचा लगेच रबरासारखा गोळा होतो आणि बादली वाया जाते.

उंबराची फळं लाल-नारिंगी कापडाच्या गोळ्यांची आहेत, खोडावर वेल्क्रोने चिकटतात. शिबिरात मुलांनी रोज पाठ केलेल्या वचनागणिक एक फळ लावलं. ही कल्पना आमच्या सिस्टरांची, आणि मुलांना झाडापेक्षा तीच जास्त लक्षात राहिली. खोडावरच्या वेल्क्रोत धागे अडकून पकड कमी होते, जुन्या टूथब्रशने घासलं की परत येते.

या झाडाचा सगळ्यात सुंदर उपयोग मात्र जक्कयाच्या नाटिकेत नाही, आगमनकाळात झाला. पहिल्या रविवारी आम्ही फक्त खालचा साडेचार फुटी बुंधा आणून ठेवला, वरून तोडल्यासारखा, आणि त्याच्या कडेला एकच हिरवी फांदी. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, अकराव्या अध्यायात, इशायाच्या (दावीद राजाच्या वडिलांच्या) बुंध्याला धुमारा फुटण्याची जी भविष्यवाणी आहे, तीच. लहान मुलं येऊन विचारायला लागली, "टीचर, झाड कुणी तोडलं?" दुसऱ्या रविवारी वरचं खोड आणि उघड्या फांद्या चढल्या आणि मुलांनी खुणा टांगल्या : नोहाचं इंद्रधनुष्य, याकोबाची शिडी, योसेफाचा रंगीत झगा. तिसऱ्या रविवारी मोशेच्या पाट्या, दावीदाची वीणा. चौथ्या रविवारी पानांचे पडदे आले, आणि नाताळच्या मिस्साला सगळं झाड हिरवंगार, शेंड्याला तारा. एकही नवी वस्तू विकत आणली नव्हती. बांधताना सांधे दिले होते ते वाहून नेण्याच्या सोयीसाठी, पण त्या सांध्यांनीच मुलांना चार आठवडे वाट बघायला शिकवलं. मी गेली कित्येक वर्षं आगमनकाळ म्हणजे वाट पाहणं असं वर्गात सांगत आले आहे. ते मुलांनी डोळ्यांनी पाहिलं ते या वर्षी.

जानेवारीत त्याच झाडाची एदेन बाग झाली. उंबराची फळं काढली, वेगळ्या रंगाची पानं आणि कापडी साप. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, झाडाने काम केलं.

ठेवण्याबद्दल थोडं. पडदे दुमडत नाही, कापडाच्या दुकानातून आणलेल्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळतो, मध्ये वाळलेली कडुनिंबाची पानं टाकतो. डांबराच्या गोळ्या नको, तो वास मुलांच्या हाताला दिवसभर राहतो. खोडावर जुन्या चादरी घालतो, प्लास्टिक नाही. प्लास्टिकखाली ओल कोंडते. बोल्ट आणि विंग नट एका पत्र्याच्या डब्यात, आणि तो डबा पायाला साखळीने बांधलेला. सुटा ठेवला तर तो डबा सहा महिन्यांनी सापडत नाही.

पुन्हा बांधायचं झालं तर खोडाचा खालचा भाग अजून हलका करेन, १६ ऐवजी १८ गेजचा, म्हणजे पातळ पत्र्याचा, पाइप पुरेल असं सुतारकाकाही म्हणतात, कारण भार घोड्यावर असतो. फांद्यांना सुरुवातीपासून बांबूचा गाभा देईन. बाकी मापं हीच ठेवेन. वेल्डिंग, प्लायवुड, चाकं आणि रंग मिळून दहा हजारांच्या आसपास गेले, गोणपाट, साड्या, जाळी आणि हात सगळे घरचे. पूर्वीच्या वार्षिक झाडाचा खर्च धरला तर तीन-चार वर्षांत हे पैसे निघतात.

शेजारच्या धर्मग्रामांना झाड द्यायला आमच्या फादरांनी आनंदाने होकार दिला आहे. खोड, पाया आणि फांद्या आम्ही देऊ. पानांचे पडदे शक्यतो तुमचे तुम्ही शिवा, कारण ते करताना जी माणसं एकत्र येतात ती झाडाइतकीच कामाची आहेत. न्यायला छोटा हत्ती पुरतो. जीन्सच्या पिशव्या रिकाम्या करून देतो, वाळू तिकडे भरा. उभं करण्याआधी ब्रेक लावून घ्या, आधी वजन ठेवा आणि मगच वरचा भाग चढवा. घोड्यामागे उभं राहणारं मोठं माणूस कोण, ते तालमीच्या पहिल्या दिवशीच ठरवा आणि त्याचं नाव आम्हाला कळवा, त्याशिवाय झाड आम्ही देत नाही.